न हसल्याचा दाखला

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद. आधी निकाल सांगते, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील. माझी नोकरी शाबूत आहे आणि आमच्या गोदामप्रमुखाला घरी पाठवलंय.

तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस. त्याने खोक्यांच्या रांगेत दोनदा माझा हात धरला. मी तक्रार केली, तर चौकशी माझीच सुरू झाली. समितीतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही हसून बोलला असाल. पुरुषांचा गैरसमज होतो हो."

मी पिशवीतून माझ्या कामाचा गेल्या वर्षीचा अहवाल काढून पुढे ठेवला. 'कोणाशीही हसून बोलत नाहीत. सुधारणा आवश्यक.' खाली सही त्याचीच. बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. माझी बढती अडवणारा कागद असा उपयोगी पडला.

आता झोप लागते, जेवण जातं. गुडघा तेवढा कुरकुरतो. आईला सांगायचंच झालं, तर निकालापासून सांग. तिचं औषध वेळेवर चालू आहे ना?

एक राहिलंच. तू शाळेतली नोकरी सोडून रडत घरी आलीस, तेव्हा मीही विचारलं होतं, "तू हसून बोलली असशील ना?" तू तर लहानपणापासून सगळ्यांशीच हसायचीस. तुझ्याकडे असा कागद कुठून असणार? चूक तुझी नव्हती गं. हे सांगायला मला अकरा वर्षं लागली.

अजून तशीच हसतेस ना?

तुझी, उशिरा शहाणी झालेली,
ताई