तू अर्धे सोडलेले सिनेमे

गारखेडा,
शनिवार, दुपार

प्रिय अभय,

लग्नाला पाच वर्षं झाली, आजवर तुला कधी नावानं हाक मारली नाही. आज मारतेय, आणि अरे-तुरेही करतेय. का ते पुढं कळेलच. नळाला आज पाणी नाही, त्यामुळं भांडी भरायची घाई नाही. आई देवापुढं वाती वळत बसल्यात. म्हटलं, निवांत चार ओळी लिहाव्यात.

बातमी म्हणजे आम्ही सासू-सुना सध्या घरात सिनेमे बघतोय. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्यात तुझी डबल ड्युटी होती, तुला यायला जमलं नाही. महिन्यानं डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली आणि त्यांनी माझ्याकडून रिमोट चालवायला शिकून घेतलं. दोन दिवाळीमागं टीव्ही आणलास तेव्हा तू सिनेमांचं खातं घेऊन त्यात तिघांच्या नावाचे तीन चौकोन केले होतेस. अभय, सुलेखा आणि आई. आईंचा चौकोन कुणी कधी उघडलाच नव्हता. त्यांनी पहिल्यांदा उघडला तर आत अर्धवट बघून सोडलेले सिनेमे रांगेनं उभे. मला वाटलं, यंत्राची काहीतरी गडबड असेल. पण आई अडून बसल्या. तुला त्यांचं ठाऊक आहे. श्रावणात कहाणी ऐकायला हातात अक्षता घेऊन बसलं की ती पुरी होईपर्यंत दारात पाहुणा आला तरी उठू देत नाहीत. अर्धी कहाणी घराला लागते म्हणतात. तोच नियम त्यांनी टीव्हीला लावला. "माझ्या नावावर कुणीबी अर्धं सोडू दे, पुरं मलाच कराया पाहिजे," म्हणाल्या. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं उरकली की आम्ही उरलेला अर्धा भाग बघतो, आणि मग मागं जाऊन पहिला.

पहिला होता घाटातल्या बंगल्यातल्या खुनाचा. बावन्नाव्या मिनिटाला सोडलेला. मला काही फारसा पटला नाही. एवढा मोठा बंगला, खोल्या आरशासारख्या लख्ख, आणि अख्ख्या सिनेमात कुणाच्या हातात केरसुणी दिसत नाही. खून डॉक्टरनं केलाय. बावन्नाव्या मिनिटापर्यंत माळ्यावर संशय येतो, तुलाही तोच वाटला असेल. माळी बिचारा निर्दोष आहे. डॉक्टर. आता पुन्हा बघायला बसलास तर मजा येणार नाही, माझा इलाज नाही.

दुसरा दक्षिणेकडचा, हिंदीत बोलणारा. तो आईंना लई आवडला. नायक एकटा चाळीस जणांना लोळवतो आणि मार खाणारे रेशनच्या दुकानात उभं राहावं तसे एकामागून एक पुढं येतात. आई प्रत्येक गड्याला मोजत होत्या. तू मध्यंतराला सोडलास. शेवटी नायक मरतो आणि त्याचा जुळा भाऊ येतो. हेही सांगून टाकलं.

तिसऱ्यानं मात्र माझा जीव खाल्ला. त्यात काही घडतच नाही. एक जोडपं लहानशा घरात राहतं, तो कांदा चिरतो, ती पोळ्या लाटते, दोघं कपडे वाळत घालताना हसतात. शेवटाला वीस मिनिटं असताना थांबवलेला. आई म्हणाल्या, असले गडी सिनेमातच. मी मान हलवली आणि मनात हिशेब लावत बसले की हा सिनेमा बघितला कुणी? तू तर लग्नानंतर मला एकदाही थिएटरात नेलं नाहीस. सिनेमा म्हणजे तीन तासांची फुकट बरबादी, असं म्हणायचास. पाण्याचा पेला जागेवरून न उचलणारा माणूस कांदा चिरणारा नवरा दोन तास बघतो, तर तो एकटा बघत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तू तिकडं बसून स्वतःचा चौकोन सोडून आईंच्या चौकोनात शिरलास. आईला कुठं रिमोट चालवता येतो, हीच ना तुझी खात्री? तीच तुला नडली.

तरी मी गप्प बसले. संशयावरून घर पेटवू नये, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. तू इथली शेंद्र्याची कंपनी सोडून पुण्याला गेलास तेव्हा म्हणाला होतास, सहा महिन्यांत दोघींना नेतो. दीड वर्ष झालं. आईंनी कधी विचारलं की तेच उत्तर, एका खोलीत चार पोरं राहतो, तुझी आबाळ होईल. त्या दर वेळी ऐकून घ्यायच्या आणि मलाच समजावायच्या, "राबतोय गं पोरगं माझं."

मागच्या रविवारी दुपारी तीनला आम्ही चौथा लावला. लावताच पडद्यावर आलं, हे खातं सध्या दुसरीकडं सुरू आहे. तू घेतलेलं खातं स्वस्तातलं, एका वेळी एकाच ठिकाणी चालतं. मी वाचून दाखवलं तर आई म्हणाल्या, "आपलं दुसरीकडं कुठं हाय गं?" त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तुला फोन लावायला सांगितला. तू उचललास. कंपनीत आहे आई, मशीनवर आहे, म्हणालास. मशीनच्या जागी मागं गाणं चालू होतं. आणि मग बाईचा आवाज आला, लाडात, "अहो, थांबवू का? की चालू ठेवू?" फोन स्पीकरवर होता. आईंचे डोळे अधू झाले होते अभय, कान नाही.

फोन ठेवून त्या कितीतरी वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती त्याला अहो म्हनली. जशी तू म्हनतीस." आता कळलं ना, मी आज तुला तू का म्हणतेय? ते 'अहो' तू दुसरीला दिलंस. माझ्याकडं एवढंच उरलं.

त्या संध्याकाळी मी ऑनलाइन खरेदीचं खातं उघडलं. तेही आपलं एकच, विसरलास वाटतं. त्यात दोन पत्ते आहेत. पुण्याचा फ्लॅट, इमारत, तिसरा मजला, दार क्रमांकासकट. त्याला तू नाव दिलंयस 'घर'. गारखेड्याच्या पत्त्याला नाव दिलंयस 'जुनं'. त्या एका शब्दानं माझं रडू थांबलं. तोवर मी रडत होते, खोटं का सांगू. तेव्हापासून नुसता राग आहे, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं हे तुला ठाऊक नाही, कारण मी तुझ्यावर कधी रागावलेच नव्हते. उरलेले आठ सिनेमे मी या आठवड्यात रात्री जागून संपवले, आणि तू सोडलेल्या अकराही सिनेमांचे शेवट वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलेत. एकही सोडला नाही. बसा दोघं बघत.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण फोन तू कापला असतास. पोस्टानं पाठवलं असतं तर न फोडता फेकलं असतंस. म्हणून पत्र आईंच्या हाती देतेय. उद्या सकाळच्या गाडीत त्यांना बसवते, पुण्यात उतरल्यावर रिक्षावाल्याला दाखवायला पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. तू हे वाचतोयस तेव्हा त्या तुझ्या 'घरा'च्या दारात पिशवी घेऊन उभ्या आहेत. मी त्यांना पाठवलेलं नाही, त्यांनीच ठरवलंय. परतीचं तिकीट काढू नको म्हणाल्या. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, डोळ्यात थेंब दोन वेळा, आणि डाळ मऊ लागते. जी कुणी आत आहे तिला सांग, सासूबाई आल्यात. आणि आपण चूक मान्य करू, गारखेड्याला परत जाऊ, असं जर मनात आलं असेल, तर काल पिशवी भरता भरता आई मला काय म्हणाल्या ते ऐक. "सुलेखा, मी त्याच्या दारात जाऊन बसते. पन तो कधी तुझ्या दारात आला, तर तू उघडायचं नाय. माझी शपथ हाय तुला." मी शपथ घेतलीय.

कालपर्यंत तुझीच,
सुलेखा