शेवटी कुणीतरी दार वाजवतं

२ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, फक्त झोप नाही. माझा पहिला सिनेमा पुरा झाला. म्हणजे मला वाटतं पुरा झाला. आमच्या निर्मात्यांना वाटतं, शेवट तेवढा व्हायचा राहिलाय. गोष्ट तुम्हाला मागे सांगितली होतीच. बँकेच्या लॉकरच्या खोलीत पाच अनोळखी माणसं अडकतात, दार बाहेरून लागतं, आणि हळूहळू ती एकमेकांवरच उठतात. शेवटी दिवा जातो, भांडणही दमतं, पडदा काळा होतो आणि मी बराच वेळ नुसती शांतता ठेवली आहे. दार उघडतं की नाही ते सांगितलेलंच नाही. निर्माते म्हणतात, लोक पैसे मोजतात ते दार उघडलेलं बघायला. पहारेकरी किल्ली घेऊन धावत येतो आणि पाचही जण एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, असा एक शेवट त्यांनी माझ्याकडून करूनही घेतलाय. तो बघताना मलाच पहारेकऱ्याला परत पाठवावंसं वाटतं.

आता काही गावांत माझा शेवट लावून चाचणीचे खेळ ठेवलेत. तुमच्याकडे रविवारी दुपारी आहे. प्रेक्षकांना मत लिहायला चिठ्ठ्या देतील आणि त्यावरून कुठला शेवट राहणार ते ठरेल. पण चिठ्ठीवर माणसं पाहुणे म्हणून जेवायला गेल्यासारखी गोड मतं देतात. तुम्ही काकूला घेऊन जा आणि बाहेर पडताना लोक काय बोलतात ते ऐका. फोन मात्र करू नका, पत्र लिहा. फोनवर तुम्ही माझं कौतुक करता, पत्रात खरं बोलता.

काकूचं मत वेगळं लिहा, तुमच्यात कालवू नका. माझ्यावरचा लोभ सिनेमा बघितल्यावरही शिल्लक राहावा, एवढीच विनंती.

तुमची,
टिटवी


१० फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेवरून हेरगिरी पार पाडली. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे, लोक आपल्याकडे लक्ष देत नसताना उभं कसं राहायचं, याचा मला सराव आहेच. जिन्याच्या वळणावर चपलेचा पट्टा नीट करत उभा राहिलो आणि अर्धं गाव कानाखालून गेलं.

पहिले आले ते निवृत्त बँक कारकून. लॉकरची खोली बंद करण्याआधी आत कुणी आहे का ते बघतातच, आमच्या शाखेत असं कधी झालं नाही, असं ते जिनाभर सांगत होते. त्यांची बायको म्हणाली की यांच्या शाखेत कधी काहीच झालं नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्या खुर्चीत बसलेली माणसं याहून वाईट वागतात, आणि तिथे तर दार उघडं असतं. एका मुलीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला विचारलं की त्या पाचांतला तू कोण. तो म्हणाला, सगळ्यांना धीर देणारा. ती म्हणाली, तू पाण्याची बाटली लपवणारा. चहा न घेताच गेली दोघं. लग्नाचं काय होतं ते कळवीन.

गंमत अशी, की त्या पाचांत चोर कोण, खरा कोण यावर कुणाचंच एकमत नव्हतं. पण शेवटावर सगळ्यांचं होतं. टिटवे, ती टकटक! सिनेमाभर माणसं दारावर धडका मारतात, ओरडतात. मग तुझा काळोख, ती शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी अगदी हळू दार वाजवतं. थांबतं. पुन्हा वाजवतं. शेजारी दुपारचे झोपलेले असताना विरजण मागायला यावं, तसं. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. डॉक्टरांच्या मते पलीकडच्या खोलीतही माणसं अडकली आहेत. कारकून म्हणाले, ती बँकेची तपासणी असावी. एक बाई रडत होत्या. त्यांच्या मते, इतका वेळ आपण दार फोडत होतो आणि कुणीतरी आत येऊ का विचारत होतं. मला स्वतःला काय वाटलं ते अजून ठरत नाही, आणि त्याचाच आनंद होतोय. तुला हे कसं सुचलं?

आता काकूचं मत, वेगळ्या परिच्छेदात, न कालवता. मत नाही. रविवारपासून तिने मौनव्रत धरलंय. जेवण वाढते, पण ताटाशी बोलते. सिनेमा फार लागला असावा. मध्यंतरापर्यंत माझ्या कानाशी कुजबुजत होती; नंतर मी शेजारी वळून तीन-चार मार्मिक शेरे मारले तर हूं की चूं नाही, इतकी गुंगली होती. दिवे लागले तेव्हा माझ्याआधीच बाहेर पोचलेली. मी विचारलं, कसा वाटला. म्हणाली, दारं चांगली होती.

तू जेवत जा. शांतता पडद्यावर ठेव, पोटात नको. आशीर्वाद आहेतच, ते मत न विचारताही मिळतात.

तुझा,
काका


१५ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, कुठली टकटक?

माझ्या सिनेमात शेवटी टकटक नाही. मी तिथे काहीच ठेवलेलं नाही; पंख्याचा आवाजसुद्धा काढून टाकला होता. तुमचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्ही माझी फिरकी घेताय. पण काल निर्मात्यांनी सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या माझ्यासमोर टाकल्या. बाकी गावांतल्या लोकांनी लिहिलंय की शेवटी मशीन बिघडलं असं वाटलं, पैसे परत द्या. तुमच्या गावच्या चिठ्ठ्यांवर मात्र दर दुसऱ्या माणसाने शेवटाला डोक्यावर घेतलंय, आणि सगळे त्या टकटकीबद्दल बोलतायत. निर्माते मला विचारतात, तिथे तू गुपचूप काय लावलंस? मी लावलंच नाही तर काय सांगू?

शुक्रवारी शेवट कायमचा ठरणार. काही कळलं नाही तर पहारेकरी किल्ली घेऊन येणार आणि सगळे गळ्यात पडणार. काका, कोण वाजवत होतं ते शोधून काढा. आणि काकूला काय झालंय? तेही शोधा. घाईत आहे, राग नसावा, माया असावी.

तुमची,
टिटवी


१७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझे काका शाळेत होते. पाकिटावर त्यांचं नाव होतं, तरी मी फोडलं. ज्या माणसाला शेजारची खुर्ची दिसत नाही, त्याच्या पाकिटाचा मान मी किती दिवस ठेवू?

टकटक मी करत होते.

मध्यंतर संपता संपता बाथरूमला गेले. पर्स, फोन, शाल सगळं खुर्चीवर ठेवून गेले, म्हटलं लगेच येईन. आत चष्म्याच्या दुकानातली एक बाई होती. तोंडावर पाणी मारत होती. मला म्हणाली, त्या लॉकरच्या खोलीत जीव गुदमरायला लागला म्हणून उठून आले. बिचारी मोकळ्या हवेसाठी आली आणि मी आत येऊन दार लावलं ते अडकलंच. कडी फिरते, दार हलत नाही. हॉलच्या भिंतीला लागूनच ती खोली, आणि केवढी, तर आपली फळीवरची डब्यांची जागा.

ओरडावं म्हटलं तर ती म्हणाली, नको हो, सिनेमा चाललाय, लोकांना त्रास होईल. मलाही ते पटलं. आता हसू येतं, पण तेव्हा पटलं होतं. मग आम्ही जरा जरा वाजवत राहिलो, हळू. तुझ्या सिनेमात इतका आरडाओरडा, की आमचं वाजवणं कुणाच्या कानावर जातंय! शेवटी एकदम सगळं गप्प झालं. मी म्हटलं, आता ऐकतील. वाजवलं. थांबले, कुणी येतंय का बघायला. पुन्हा वाजवलं. पलीकडे माणसं आहेत हे कळत होतं गं, त्यांचा श्वास कळत होता. आणि कुणी उठत नव्हतं. दारावरचा माणूससुद्धा आत उभा राहून तुझा काळोख बघत होता. लोक निघायला लागले तेव्हा त्याला शुद्ध आली आणि त्याने खांदा लावून दार उघडलं.

आता माझं मत, ज्यासाठी तू पाठवलंस. मी तुझा अर्धाच सिनेमा पाहिला आणि उरलेला अर्धा करून बघितला, तेव्हा मला थोडा अधिकार आहे. तुझं चुकलंय. अनोळखी माणसं कोंडली की इतकी वाईट नाही वागत. वाईट वागायला ओळख लागते. त्या बाईने मला पालथ्या बादलीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. माझा चष्मा किती वर्षं घसरतोय. तिने तिथल्या तिथे, त्या मिणमिणत्या दिव्यात, काडी वाकवून नीट करून दिला. आता नाकावर बसतो. घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तुझे काका उरलेल्या सिनेमाभर माझ्या शालीशी बोलत होते. मार्मिक शेरे मारत होते म्हणे. मी सांगितलं नाही, कारण ते स्वतः कधी विचारतात हे मला बघायचं होतं. तुझ्या शुक्रवारसाठी आता सांगतेय. पत्र चिकटवण्याआधी त्यांच्या टेबलावर उघडं ठेवणार आहे.

प्रकृतीला जप. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, ती कडी लावून ठेवलेली नाही.

तुझी,
काकू

ता. क. वरील मजकूर वाचला. प्रतिवादीस काही म्हणायचं नाही. चष्मा खरंच चांगला बसलाय. — काका


२० फेब्रुवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

काकू, तुझं पत्र मी निर्मात्यांना वाचून दाखवलं. शालीपाशी आले तेव्हा ते इतके हसले, की त्यांच्या चष्म्याचीही काडी वाकली. मग म्हणाले, घाल ती टकटक. पण एक अट घातली. पुन्हा तुमच्याच गावात खेळ लावायचा, ते स्वतः मागच्या रांगेत बसणार, आणि लोकांना काही होतंय असं त्यांना दिसलं तरच माझा शेवट राहणार. नाहीतर किल्ली.

आता अडचण ऐक. मी वाजवून पाहिलं, आवाजाच्या माणसाने वाजवलं, निर्मात्यांनीही वाजवलं. सगळ्यांचं मदत मागितल्यासारखं येतं किंवा उधारी वसूल करायला आल्यासारखं. लोकांना त्रास न देता मदत मागायची, हे कुणालाच जमेना. तू दोन दिवस ये. इथे एक जाड दार मिळवून ठेवलंय. तुला आत कोंडणार नाही, कडी काढून टाकली आहे.

आणखी एक. त्या पाचांतली म्हातारी आपला रुमाल ओला करून बाटली लपवणाऱ्याच्या कपाळावर ठेवते, असा एक तुकडा मी कापून टाकला होता. खोटा वाटेल म्हणून. तुझी बादली वाचली आणि तो परत लावला.

काकांना म्हणावं, माझा लोभ त्यांच्यावरही आहे, शालीइतकाच.

तुझी,
टिटवी


१२ मार्च

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल खेळ झाला. निर्मात्यांनी तुला फोन केलाच असेल आणि निकाल सांगितला असेल, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. पण जे घडलं त्याचं कारण त्यांना माहीत नाही आणि तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. फोनवर मी हे सांगू शकणार नाही.

काकू आणि मी त्याच खुर्च्यांवर बसलो. या वेळी मध्यंतरात ती कुठेही गेली नाही. मीच तिला जाऊ दिलं नाही, दोनदा पाणी हवं का विचारलं. शेवटी तिने मला मुकाट्याने समोर बघायला सांगितलं. रुमालाच्या प्रसंगाला तिने कोपराने ढोसलं, म्हणजे हा माझा बरं का. कारकून पुढच्या रांगेत होते. ती मुलगीही आली होती, बाटली लपवणाऱ्याला घेऊन. तेव्हा लग्न आहे.

मग तुझा काळोख झाला. तुझी शांतता आली. आणि तिने दार वाजवलं.

मला ठाऊक होतं की ती टकटक फितीवर आहे. तुमच्याकडून परत आल्यावर तिने ती जेवणाच्या टेबलावर मला वाजवूनही दाखवली होती. ती माझ्या शेजारी बसलेली आहे, तिच्या कोपराची टोचणी अजून बरगडीत आहे, हेही ठाऊक होतं. धूर दिसला की तिथे अग्नी असतो, हे मी मुलांच्या कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतलं. आणि रिकामी खुर्ची दिसली की तिथे बायको नाही, एवढं अनुमान मला त्या दिवशी करता आलं नव्हतं. काल सगळी प्रमाणं हाताशी होती. पण दुसऱ्यांदा वाजलं, आणि मी उठलो.

अख्खी रांग तुडवत गेलो. कुणाच्या तरी पायावर पाय दिला; दातांचे डॉक्टर असावेत, कारण ओरडायला तोंड फार मोठं उघडलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ताडकन उभं राहिलं; ते तुझे निर्माते, हे मला नंतर कळलं. बाहेर जाऊन मी बाथरूमचं दार खेचलं. ते सहज उघडलं. नवी कडी लावली आहे. आत कुणी नव्हतं. बादली पालथी होती. 

परत आलो तेव्हा निर्माते दाराशीच भेटले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले की माणूस खुर्चीतून उठून पळतो असा शेवट त्यांनी आजवर पाहिला नव्हता. हाच राहील, किल्ली नको. त्यांना वाटलं, मी घाबरलो. मी तसंच वाटू दिलं.

नावं वर सरकत होती, दिवे लागायचे होते. चाचपडत आमच्या रांगेत शिरलो. काकूने माझ्या खुर्चीवर आपली शाल नीट घडी घालून ठेवली होती, आणि शालीकडे वाकून ती अगदी मन लावून तिला सांगत होती की सिनेमा चांगला आहे हो, पण आमचे हे आता येतील, तोवर जरा जागा धरून ठेवा.

आमचा दोघांचा तुझ्यावर लोभ आहे. तुझाही असू दे, आणि घरी येशील तेव्हा दार वाजवू नकोस, नुसतं ढकल.

तुझा,
काका