दोन सीटची गाडी आणि तिसरा हिस्सा

मी, सुदर्शन अप्पाराव शेजूळ, वय वर्षे ५३, धंदा पूर्वी शेती व आता एका सायंदैनिकात दर रविवारी लोकांच्या खोड्या काढणे, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे :

आज सकाळी आठ वाजता माझ्या मालकीच्या गाडीच्या टपावर कुरडया वाळत घातलेल्या आढळल्या. गाडी जर्मन आहे. टप काळ्या कापडाचा आहे आणि बटण दाबताच बारा सेकंदांत घडी होऊन मागे जातो, असं कंपनीचं म्हणणं आहे. कुरडया गव्हाच्या आहेत. मी मोजल्या, एकोणसाठ भरल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भावजय सत्यभामा वहिनी यांना जाब विचारला, तर त्या जिन्यावरूनच म्हणाल्या, "काळ्या कापडावर ऊन लई धरतंय भाऊजी. पत्र्यावर दोन दिस लागत्यात, हितं एका दिसात खडखडीत."

एवढं होऊनही मी पूर्ण शुद्धीवर आहे. बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. राग आहे. राग म्हणजे दडपण नव्हे, हे वकिलांकडून खात्री करून घेतलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गेल्या रविवारपर्यंत गरज वाटली नव्हती.

कलम १. राहत्या घराचा खालचा मजला माझ्या मालकीचा आहे. तो माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. तनुजा हिला पूर्ण मालकीनं मिळावा. वरचा मजला थोरले बंधू बद्रीनाथ यांचा आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही. त्यांच्या टाकीचं पाणी गेली चार वर्षं माझ्या भिंतीत मुरतं आहे, तेवढं त्यांनी परत घेऊन जावं.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि विमा, सगळं तनुजाला. आम्हाला मूलबाळ नाही. या एका वाक्यावर बऱ्याच जणांनी मजले चढवले आहेत म्हणून स्पष्ट लिहितो. मूल नाही याचा अर्थ माणसाला कोणी नाही असा होत नाही.

कलम ३. गाडी. हिची हकिगत लिहिल्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही, म्हणून लिहितो.

२०१७ साली आमच्या अकरा एकरांवर कारखाने आले आणि आम्हा भावांच्या खात्यांवर पैसे आले. त्या वर्षी आमच्या भागात ज्याच्या त्याच्या दारात पांढरी, उंच, सात सीटची गाडी उभी राहिली. प्रत्येक गाडीत सात माणसं असायची आणि त्यांतली पाच मालकाला ओळखत नसायची. ते पाहून मी ठरवलं, की आपली गाडी दोन सीटची घ्यायची. मी आणि तनुजा. तिसरा माणूस 'मला चौकात सोडा' म्हणूच शकणार नाही. लोक मायलेज बघतात, मी माणसं मोजली. माझं सगळं संशोधन एवढंच.

पुण्याच्या शोरूमला आम्ही दोघं आणि बंधू बद्रीनाथ, म्हणजे आमचा दादा, असे गेलो. दादानं गाडीभोवती बैल पारखावा तशी एक फेरी मारली आणि डिक्की उघडली.

"ह्यात खताची एक गोणी बसायची नाय."

"सर, ही लाइफस्टाइल गाडी आहे," विक्रेता म्हणाला.

"आमची लाइफ खतातच गेली बाबा."

त्या दिवशी मला दादा फार आवडला होता. नोंद असावी.

तनुजानं टप उघडताना आणि मिटताना दोनदा शांतपणे पाहिला. मग म्हणाली, "उघड्यावर बसायचं तर आपली गच्ची काय वाईट आहे? तिला पेट्रोलही लागत नाही." रंगावर दोन तास गेले. दादाला पांढरा हवा होता, कारण निवडणुकीत बरा दिसतो. शेवटी चंदेरी ठरला. तो कोणालाच नको होता, म्हणून भांडणही झालं नाही.

माझी चूक पुढं कळली. आमच्या माणसांना बसायला सीट लागतच नाही, हे मी विसरलो होतो. आमच्याकडं नवरदेव मिरवायचा असतो, आणि टप नसलेली गाडी पंचक्रोशीत एकच. नवरदेव मागं टपाच्या घडीवर बसतो, त्याचा भाऊ दारावर, आणि दोन मित्र बॉनेटवर आडवे. गेल्या आठ वर्षांत माझ्या गाडीतून बेचाळीस नवरदेव गेले. एकानंही गाडी मागितली नाही. फोन येतो, "लग्न गोरज मुहूर्तावर हाय, चारला पाठवा." भावकीला नाही म्हणायची सोय असती तर मी सदर लिहायला लागलोच नसतो.

बेचाळिसावा नवरदेव माझ्या पुतण्याचा, म्हणजे दादाच्या शिवमचा, मित्र होता. वजन शंभराच्या आसपास. तो डीजेच्या तालावर टपाच्या घडीवर उभा राहून नाचला. तेव्हापासून टप अर्धा उघडतो आणि थांबतो, टोपी काढता काढता कशाला काढत होतो ते विसरलेल्या माणसासारखा. कंपनीनं सांगितलेला खर्च ऐकून मी गाडी मुकुंदवाडीच्याच कडुबा दाभाडे यांच्याकडं नेली. ते ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांनी मागचं झाकण खोललं आणि मला हाक मारली.

"सुदर्शनराव, मोटार जळाली नाय. अक्षता अडकल्यात."

पावशेर तांदूळ निघाला. रंगीत. टप तरी अर्धाच उघडतो.

कलम ४. आता राग.

वर मी 'आम्हा भावांच्या खात्यांवर' असं लिहिलं. ते खोटं आहे. आम्ही तिघं आहोत. सगळ्यांत मोठी आशाबाई, आम्ही तिला आक्का म्हणतो. तिला फर्दापूरला दिली आहे. जमिनीचे पैसे यायच्या महिनाभर आधी दादानं तिला नोंदणी कार्यालयात बोलावून घेतलं. हक्कसोड पत्र टाइप होऊन तयार होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला तिसरा हिस्सा आपण भावांना खुशीनं, मोबदला न घेता सोडला, असं बहिणीनं त्यात लिहून द्यायचं असतं. आमच्याकडं याला कोणी हिसकावणं म्हणत नाही. चहा होतो, पेढे होतात, बहिणीला साडी नेसवतात. साडी गुलमंडीवरून मी आणली होती. रंग दुकानदारानं निवडला. मला घाई होती.

दादा म्हणाला, "आक्का, तुझ्या मनात काय नाय ना? माहेर काय कुठं पळून जात नाय."

आक्का म्हणाली, "मी काय म्हणलं का? सही कुठं करायची, तिथं बोट ठेव."

मी बोट ठेवलं.

दादाचा मला राग आहे, पण त्या बोटाचा जास्त आहे. त्याच आठवड्यात रविवारी माझं सदर छापून आलं. विषय होता, लेकींचा वारसाहक्क दाबणारे पुढारी. बऱ्याच बायकांनी फोन करून माझे आभार मानले. मी ते घेतले.

गाडी आली तेव्हा मी आणि तनुजा ती दाखवायला फर्दापूरला गेलो. तनुजा उतरली आणि म्हणाली, "आक्का, तुम्ही बसा, मी इथं थांबते." आक्का बसली. टप उघडला आणि लेण्यांच्या रस्त्याला लागलो. पहिल्या वळणापर्यंत तिनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला होता. मग सोडून दिला.

"लई मोकळं वाटतं रे सुद्या."

पुढची दोन वळणं तिनं वारा खात घेतली. मग हसत विचारलं, "एवढ्या पैशाची गाडी. ही तुझ्या हिश्श्यातली, का माझ्या?"

मीही हसलो. प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्याला आठ वर्षं झाली. माझ्या स्वतःच्या हिश्श्यातून घर झालं, ठेवी झाल्या, आणि तिच्या हिश्श्यातलं जे माझ्याकडं आलं ते अंगणात उभं आहे. त्यावर आज कुरडया वाळताहेत.

कलम ५. गेल्या रविवारी दुपारी आम्ही सगळे वर दादाकडं जेवायला होतो. शिवमनं एक रंगीत पत्रक आणून माझ्या ताटाजवळ ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत 'शिवम लॉन्स', म्हणजे लग्नाचं मैदान. जमिनीच्या बदल्यात आम्हाला जो विकसित भूखंड परत मिळाला, त्यावर. तो भूखंड अर्धा दादाचा आणि अर्धा माझा आहे. पत्रकावर माझ्या गाडीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'नवरदेव पॅकेज : उघडी गाडी मोफत'.

"काका, गाडी तशीपण उभीच असती की," शिवम म्हणाला.

मी म्हटलं, "अर्धा प्लॉट माझा आहे, हे छापायच्या आधी विचारायचं होतं."

दादानं भाकरी मोडता मोडता, वर न बघता सांगितलं, "तुझा म्हंजी शेवटी शिवमचाच की. तुला कोण हाय?"

तनुजा त्याला आमटी वाढत होती. पळी तशीच राहिली.

"मी आहे," ती म्हणाली.

"तू काय परकी हाईस व्हय? तू सही देशीलच."

म्हणजे मी जिवंत असताना, त्याच ताटावर बसून, माझ्या बायकोचं हक्कसोड पत्र दादाच्या डोक्यात टाइप होऊन तयार होतं. साडीही ठरली असेल. मी जेवण टाकून खाली आलो आणि वकिलांना फोन लावला. रविवारी त्यांनी उचलला नाही. सोमवारी उचलला.

कलम ६. म्हणून, माझ्या पश्चात :

(अ) वर लिहिलेल्या भूखंडातला माझा अर्धा हिस्सा माझी बहीण सौ. आशाबाई हिला पूर्ण मालकीनं मिळावा. मोजणी करून, मधोमध तारेचं कुंपण घालून.

(ब) गाडी आहे त्या स्थितीत, अर्ध्या टपासह, तिलाच मिळावी. आक्काला चालवता येत नाही. तिची मुलगी सोनिया शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी करते आणि माझ्यापेक्षा बरी चालवते, ती चालवील. गाडी कोणत्याही नवरदेवाला देऊ नये. सोनियाचं लग्न ठरलं तर हरकत नाही, पण तेव्हाही स्टिअरिंग तिच्याच हातात असावं आणि नवरदेवानं शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसावं.

(क) मसुद्यात वकिलांनी हे सगळं 'बहिणीवरील प्रेमापोटी' देत असल्याचं लिहिलं होतं. ते शब्द मी खोडले आहेत. प्रेम आहे, पण या कलमाशी त्याचा संबंध नाही. जे तिचं होतं ते तिच्याकडं जातं आहे, तेही उशिरा आणि पूर्ण नाही. दादाकडं गेलेला भाग माझ्या हातात नाही. तो दादानं स्वतःच्या हातानं लिहून द्यावा, त्यासाठी मी माझं पेन ठेवून जातो. ते कपाटात वरच्या कप्प्यात आहे. चालू आहे.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर कोणीही साडी, पेढे आणि कागद घेऊन फर्दापूरला आक्काकडं, किंवा खालच्या मजल्यावर तनुजाकडं गेल्यास, तो माणूस माझा वैरी समजावा. आक्कानं कोणी गळ घातल्यामुळं भूखंडावर पाणी सोडायची तयारी दाखवली, तर तो भूखंड तिच्याकडं न राहता सोनियाच्या नावे व्हावा. सोनियाला मी विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, "मामा, माझ्याकडं साडी घेऊन येऊच द्या कोणाला." तिचा आवाज ऐकून बरं वाटलं.

कलम ८. शिवमकडं गाडीची दुसरी चावी आहे, ती त्यानं तनुजाकडं जमा करावी. त्याच्याशी माझं वैर नाही. त्याला कोणी कधी 'नाही' म्हटलेलंच नाही, त्यात माझाही हात आहे. हे पहिलं 'नाही'.

माझ्या सदरांची कात्रणं चार गठ्ठ्यांत बांधलेली आहेत. ती सत्यभामा वहिनींना द्यावीत, अंथरायला कामी येतील. त्यातलं लेकींच्या वारसाहक्काचं एक मात्र आधी काढून जाळावं. कडुबा दाभाडे साक्षीदार असल्यानं त्यांना काही लिहून न दिलेलं बरं, असं वकील म्हणतात. म्हणून पान्यांचा संच मी त्यांना कालच देऊन टाकला.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तनुजानं करावी. जिथं जिथं तिची सही लागेल तिथं तिनं कागद पूर्ण वाचावा, आणि कोणी बोट ठेवून जागा दाखवू लागलं तर ते बोट उचलायला सांगावं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन ठिकाणी आवाज चढवून, राजीखुशीनं लिहून ठेवलं आहे.

सही : सुदर्शन अप्पाराव शेजूळ

साक्षीदार :
१. कडुबा संपत दाभाडे, मेकॅनिक, मुकुंदवाडी
२. डॉ. मंजुषा कुलथे, मुकुंदवाडी

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : २५ एप्रिल २०२६, शनिवार

सहीच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, असं वकील म्हणाले. म्हणून हे इथं लिहितो. गाडी घेऊन फर्दापूरला गेलो त्या दिवशी आक्कानं दारातच गाडीला आणि मला ओवाळलं होतं. ताटात टाकायला माझ्या खिशात एक नोट नव्हती, नुसतं कार्ड होतं. "राहू दे रे," म्हणाली आणि ताट आत घेऊन गेली. सोनिया आज दुपारी गावाकडं निघाली. तिच्याजवळ पाकीट दिलं आहे, पाचशे एक. वर काही लिहिलं नाही. आईनं विचारलं तर ओवाळणी आहे म्हणून सांग, एवढंच म्हटलं.