चिंचेनं घासलेला रणगाडा

अहो,

तुम्ही गेल्याला वर्ष होऊन गेलं. या वर्षात तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. लोक म्हणायचे, मन मोकळं कर, लिहून काढ. मी म्हणायचे, ज्या माणसाने जिवंतपणी अकरा महिने माझ्याशी तोंड उघडलं नाही, त्याला मी कशाला लिहू? आज लिहिते आहे, कारण काल सकाळी नागपूरचे तुमचे मित्र दिलीपभाऊ येऊन गेले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. नाही आहात, म्हणून कागद घेतला.

तर बसा. आज उठून दुकानात निघून जायची सोय नाही.

तुमचा तो नाद कधी सुरू झाला ते मला नेमकं आठवतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिकडून कचेरीच्या कामाला भंडाऱ्याला येणारी माणसं यायची थांबली. काम आटोपलं की एसटी सुटेपर्यंत ती आपल्या दुकानात टेकायची, जाताना पाणी भरायला पितळेचा एखादा गुंड, एखादी परात घेऊन जायची. ती दुपारची वर्दळ गेली आणि रिकाम्या दुपारी तुम्ही प्लास्टिकचे तुकडे चिकटवायला लागलात. आधी विमानं, मग जहाजं, मग रणगाडे. मला वाटलं, असू दे, तंबाखूपेक्षा बरं. काय सांगू, तंबाखू परवडली असती!

दिवसभर दुकानात पितळ पुसून चकचकीत करायचं आणि घरी येऊन नवंकोरं खेळणं मळवायचं, हे कुठलं शहाणपण? आधी रंग द्यायचा, मग तोच रंग उडवायचा. प्लास्टिकला गंज आणायचा. वैनगंगेचा गाळ आणून माझ्या जुन्या साडीच्या फडक्यातून चाळायचा आणि चाकांना फासायचा. त्याला तुम्ही 'वेदरिंग' म्हणायचात. वापरून, ऊन-पाऊस खाऊन, झिजून वस्तू जशी दिसते तशी ती दिसली पाहिजे, म्हणे. अहो, वापरून झिजलेलं काय असतं ते बघायचं होतं, तर मान वर करून स्वयंपाकघरात बघायचं होतं ना!

आणि शेवटचा रणगाडा तर बर्फातला. रशियातल्या हिवाळ्यातला. हिरव्या रणगाड्याला सैनिकांनी बर्फात लपण्यासाठी घाईघाईने चुना फासलेला आणि तो जागोजागी उडालेला, असा. तुम्ही आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीवाल्याकडचा. लग्नानंतर सिमल्याला नेतो म्हणाला होतात, नेलं इथल्याच पवनीला, तेही तुमच्या आईसोबत. आणि भर मे महिन्यात भंडाऱ्यात बसून रशियाचा हिवाळा बनवत होतात. रंगाची भुकटी उडते म्हणून पंखा बंद! आतल्या खोलीत मी पदराने वारा घेत होते, ते तुमच्या गावीही नव्हतं.

तो केसांवर मारायचा स्प्रे आठवतो? आंधळगावला माझ्या भाच्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तुम्ही बाजारातून हेअर स्प्रे आणलात. मी वेडी, मनातल्या मनात हसले. या वयात का होईना, सुचलं म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर स्प्रे रणगाड्यावर! खाली हिरवा रंग, त्यावर स्प्रे, त्यावर पांढरा रंग, आणि मग ओला ब्रश फिरवला की पांढऱ्याचे टवके निघून येतात, असं तुम्ही मला कौतुकाने समजावत होतात. मी अर्धं ऐकलं आणि आत निघून गेले. नीट ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं, एवढं मला मान्य आहे. लग्नाला मी तेल लावूनच गेले.

पुढचं म्हणजे दिवाळीच्या आधीचं. माळ्यावरची सगळी पितळ मी नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात काढली होती. माझं माहेर विणकरांचं. सूत, कोसा, माग एवढंच मला ठाऊक. पितळ घासायला मला तुमच्या आईंनीच शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत चिंचेचा गोळा हातात दिला आणि म्हणाल्या, "काळं दिसलं का घासून टाकाचं. पितळवाल्याच्या घरात मळकं भांडं दिसलं त लोक हासतीन." तेव्हापासून माझा हात तेच करत आला. आणि तुम्ही तो चिखलाने भरलेला रणगाडा उन्हात वाळायला ठेवलात तो कुठे? पितळेच्या ताटलीत! माझ्या भांड्यांच्या रांगेत!

खोटं कशाला सांगू, तुम्हाला खूश करायचं होतं. दिवाळीत सगळं घर उजळतंय, यांची वस्तू तेवढी का मळकी राहावी, असं वाटलं. चिंचेच्या पाण्यात बुडवला, वरचा भाग डाव्या हातात गच्च धरला आणि काथ्याने घासला. पांढरे पापुद्रे सुटायला लागले तशी मी आणखी जोर लावला. मळ निघतोय असंच वाटलं हो! तोफेची नळी मोडली, एका बाजूचा पट्टा निखळला, तेव्हा कुठे थांबले. मग कोरड्या फडक्याने पुसला आणि लख्ख गुंडांच्या शेजारी मांडून ठेवला.

तुम्ही आलात. पाहिलंत. "तुले कोनं सांगतलं होतं?" म्हणालात.

झालं. एकत्र काढलेल्या इतक्या वर्षांतलं तुमचं माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर अकरा महिने तुम्ही माझ्या हातचं जेवलात, मी घडी घातलेले कपडे घातलेत, आणि बोलला नाहीत. रणगाडा उचलून दुकानात नेलात, तो मला परत दिसला नाही. मला काही सांगायचं असलं की पुण्याला पल्लवीला फोन लावायचात. मी इथे ताट वाढून उभी, आणि तुम्ही मोबाइलवर, "तुह्या आईले सांग, भाजीत मीठ कमी हाये." मग माझा फोन वाजायचा. पोरगी तिकडून रडवेली होऊन म्हणायची, "आई, बाबा म्हणून राहिले, मीठ कमी आहे. तुम्ही दोघं काहून असे करता?" लाज नाही वाटली तुम्हाला? लेकीला निरोप्या केलंत!

मीही काही कमी नाही. चुकले असं एकदा म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हणाले नाही. एका खेळण्यापायी बायकोला अशी वागणूक देणाऱ्यापुढे मी का वाकू, असं मनात धरून बसले. दर सकाळी ठरवायचे, आज बोलू. दर सकाळी तुमची पाठ बघायचे आणि राहू दे म्हणायचे.

आणि दसऱ्याच्या आधी, गिऱ्हाइकाला गुंड दाखवता दाखवता, बसल्या जागी गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मनात म्हटलं, मी. माझ्याच हाताने झालं. यांनी महिनोन्‌महिने राबून केलेलं काम मी घासून टाकलं, ते यांच्या जिवाला लागलं. वर्षभर मी हेच धरून जगले आहे. पल्लवीलासुद्धा सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तुझ्या बापाला मी चिंचेनं मारलं?

आता कालचं ऐका.

दिलीपभाऊंनी पिशवीतून खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "वैनी, तुमची अमानत. आमच्या नागपूरच्या मॉडेलच्या प्रदर्शनापासून माह्याकडेच होती. आनून द्याची हिंमतच होत नव्हती." आत तो रणगाडा. लाकडी पाटीवर, पांढऱ्या बर्फात उभा. नळी परत चिकटवलेली, पट्टा बसवलेला. मी म्हटलं, "माझी कशाची? त्यांची वस्तू आहे." तर ते म्हणतात, "मंग? भाऊच त सांगत होते, हे काम वैनीचं हाये म्हनून. आमी लोक पांढरा रंग विचार करून उडवतो, म्हनून खोटा दिसते. तुमी भांडं घासल्यासारखा घासला, त जिथं मानसाचा हात लागते तिथूनच गेला. भाऊनं बाकी सारं दुरुस्त केलं, पन पांढऱ्याले बोट नाही लावलं. म्हनत, माह्या बायकोसारखं मले जलमात जमलं नसतं."

मी पाटावर बसले. ते आपले बोलतच होते. प्रदर्शनात लोक या रणगाड्यापाशी थांबत होते, म्हणे. तुम्ही येईल त्याला चिंचेचा किस्सा सांगत होतात आणि हसून हसून डोळे पुसत होतात. आता तिथली पोरंही चिंचेचं पाणी लावून बघतात. मग एकदम माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "वैनी, तुमाले सांगतलं नाही काय त्यायनं?"

मी म्हटलं, "सांगतलं होतं ना!" खोटं बोलले. तुमची लाज राखली. का राखली, हे मला अजून कळत नाही.

हसलात! अहो, तुम्ही तिथे हसलात! घरात अकरा महिने तुमचे दात दिसले नाहीत आणि नागपुरात जाऊन परक्या लोकांपुढे माझं कौतुक करून हसलात! साठ किलोमीटर एसटीने जाऊन सांगितलंत, स्वयंपाकघरापर्यंत दहा पावलं चालून सांगता आलं नाही? कशासाठी गिळून ठेवलंत? मी आधी माफी मागावी म्हणून? की सांगितलं असतं तर अबोला सोडावा लागला असता, आणि इतका लांबवल्यावर तो सोडायचा कसा, तेच कळेना? काहीही असो. त्या एका वाक्यावर मी हे वर्ष सुखाने काढलं असतं. ते वाक्य माझं होतं आणि तुम्ही ते दुसऱ्यांना वाटलंत. रणगाड्याचं मी कधीच विसरले असते, याचं नाही विसरणार.

आज दुपारी खोका उघडून नीट पाहिला. वरच्या झाकणाच्या कडा, पायऱ्या, कोपरे, सगळीकडून हिरवा वर आलाय. एका बाजूला अंगठ्याएवढ्या जागेवरचा पांढरा पार निघालाय, तिथे मी धरला होता. दिसतो चांगला. एवढंच म्हणेन.

पुढच्या महिन्यात नागपूरला परत प्रदर्शन आहे. दिलीपभाऊंनी रणगाडा मागितला. मी म्हटलं, देते, पण मीच घेऊन येईन. तेव्हा आता वचन देते, आणि हे मी पाळणार आहे: त्या टेबलाशी मी उभी राहीन आणि तुम्ही अर्धीच सांगितलेली गोष्ट पुरी सांगेन. पहिल्यांदा दिलीपभाऊंनाच सांगेन, की त्या दिवशी मी खोटं बोलले. मग येईल त्याला. हसतील तिथे हसू देईन. त्यानंतर ते अकरा महिने सांगेन, एकेक करून. तुमची लाज राखणार नाही आणि माझीही नाही. आणि कोणी विचारलं, की बाई, मग तुमचं दोघांचं शेवटी बोलणं काय झालं, तर सांगेन: काही नाही. एक भिंत मध्ये होती, दोघांनाही बोलायचं होतं, आणि दोघंही बोललो नाही.

राग तसाच ठेवून,
तुमचीच
सुनंदा