वकिलाचं जेवण

सुलाकाकू,

तुम्ही रानातून यायच्या आत मला परभणीची गाडी धरायची आहे, तिथून मुंबई आणि मग विमान. न भेटता निघाले, रागावू नका.

अप्पा गेल्यापासून त्यांचा हा कुत्रा, वकील, भाकरीला तोंड लावत नव्हता. अप्पांना दाखवायला म्हणून कधीचा घेऊन ठेवलेला, कुत्र्यांच्या खाण्याचा तिकडचा डबाही त्याने नुसता हुंगला. तुम्ही म्हणालात, "कुत्र्याला डब्यातलं? अन् माणसायला काय देतेत तिकडं?" काकू, ते डबे तिथे मलाही परवडत नाहीत. खाटकाकडची स्वस्त हाडं उकळून त्यात मी माझ्या कुत्रीला ज्वारीची भाकरी कुस्करून घालते. ही युक्ती अप्पांनीच पत्रातून कळवली होती. पुढे प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायचे, "कुत्री जेवली का? अन् तू?" शेवटच्या पत्राला माझं उत्तर राहून गेलं.

काल दुपारी मी माझंच ताट घेऊन ओट्यावर वकिलाशेजारी बसले. मी पहिला घास घेतला, तसं त्याने आपल्या पितळीतल्या ताक-भाकरीत तोंड घातलं आणि सगळं संपवलं. अप्पा रोज तिथेच बसून जेवायचे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्याला ताकात कुस्करलेली एक भाकरी पुरते. शेजारी कुणीतरी जेवत मात्र असावं लागतं. मी तिकडे परदेशात एकटीच, रेडिओ लावून जेवते. तुम्हीही चुलीपाशी एकट्याच जेवता, तर ताट तेवढं ओट्यावर आणा.

पोचल्यावर पत्र टाकते. शेवटी विचारीनच, वकील जेवला का? अन् तुम्ही?

सत्यशीला