हाली नको, कलदार लिहा

जालना, ता. १४ मार्च १९४८

मिरजगावी वडील बंधू चांदभाई यांस धाकट्या बाबालालचा सलाम. अम्मीचा दमा कसा हाय? मी खुशाल हाय, शिलाईचं काम लई हाय.

एवढ्यात पैसे धाडता येणार न्हाईत, रागावू नका. निजाम सरकारनं आपल्या हिंदुस्थानच्या कलदार रुपयाला बंदी घातली, हे तुमी ऐकलं असंलच. मागल्या महिन्यात गावाकडं निघालो, तर सरहद्दीवरच्या नाकेदारानं माझ्या कोटाच्या अस्तरात शिवलेले वीस कलदार काढून घेतले आणि मला परत फिरवलं. वर मिशीला पीळ देत म्हणाला, "निजामाच्या हाली रुपयावर भरवसा नसंल तर या मुलखात राहू नका."

बंदीआधी लोक दोन्ही रुपये सारखेच खर्चायचे. आता रोज चार बाया माझ्याकडनं गोधडीत कलदार शिवून नेतात. हालीला कुणी जपत न्हाई.

परवा त्याच नाकेदाराच्या लेकीचा निकाह झाला. नवरदेवाची शेरवानी मी शिवली म्हणून मला बोलावणं हुतं. काझीनं नवऱ्यानं नवरीला द्यायचा मेहेर वाचला, "पाचशे रुपये, सिक्का हाली." तसा हा मर्द नाकेदार लगबगीनं काझीच्या कानाशी लागला. पण काझी ठार बहिरा. शेवटी सगळ्या मांडवादेखत ओरडावं लागलं, "हाली नको, कलदार लिहा!"

अम्मीला माझ्या वीस रुपयांचं सांगू नका. तिच्या गळ्यातली राणीछाप रुपयांची माळ मात्र मोडू देऊ नका. ज्या हालीच्या इज्जतीसाठी त्यानं मला नाक्यावरनं हाकललं, त्या हालीच्या भरवशावर स्वतःची लेक द्यायची त्याची छाती झाली न्हाई.

तुमचा,
बाबालाल