सोनीची शिकार आणि बोर्डावरची नोटीस

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

डोकं फिरलंय नुसतं. तीन महिने घालवले मी या सोनी मांजरीला शिकवण्यात. आधी दोरीला चिंधी बांधून झेप घ्यायला, मग मारलेला उंदीर न खाता माझ्या दारात आणून ठेवायला. उंदीर ठेवला की सुक्या बोंबलाचा एक तुकडा. सोसायटीच्या बागेतलं अळू कुरतडणारे उंदीर तिनेच संपवत आणले होते ना?

आणि आज सेक्रेटरी परबकाकांनी बागेत विष टाकलं. विष खाल्लेला उंदीर तोंडात धरला तर मांजरही मरेल, एवढं कळत नाही या माणसाला?

"अगं, बोर्डावर नोटीस लावली होती ना," म्हणाले.

"काका, मांजरीला वाचता येतं का?"

तर हसले. हसले!

सोनीला घरात कोंडून ठेवलंय. मघापासून दार ओरबाडतेय. उंदीर धरू नकोस, हे आता तिला कसं शिकवू? मीच तर...

आत्ता माझा मोजा तोंडात धरून आली. पायाशी ठेवला आणि बोंबलाच्या डब्याकडे बघत बसली.

दिला तुकडा. तिने तिचं काम केलंय.